दफनविधी, सामन्याची वेळ सांभाळून

शनिवारी संध्याकाळी हॉइट टिडवेल मागच्या दारानं स्वयंपाकघरात आले, डोक्यावरची किरमिजी टोपी काढून टेबलावर ठेवली आणि कुणाची तरी वाईट बातमी सांगावी तशा आवाजात म्हणाले, "जिंकलो."

डेलियानं पुस्तकातून डोकं वर काढलं. "मग तोंड असं का?"

"आठवा सामना होता, पोरी. आठपैकी आठ. हे काही बरं लक्षण नाही."

मेरोल स्टेट विद्यापीठाच्या अमेरिकन फुटबॉल संघाचं नाव बगळे. अलाबामातल्या या गावात माणसं बगळ्यांच्या घरात जन्मतात आणि बगळ्यांना नावं ठेवत मरतात. बगळे दर ऑगस्टमध्ये आशा दाखवत आणि दर ऑक्टोबरमध्ये ती परत नेत. त्र्याऐंशी साली त्यांच्याकडे असा खेळाडू आला होता, की त्याच्या फेकीवर देशभरची विद्यापीठं जळत होती. त्यानं हंगामाच्या मध्यावर लग्न केलं आणि स्वतःच्याच लग्नात नाचताना गुडघा मोडून घेतला. एक्क्याण्णव साली शेवटच्या सेकंदाला मारलेला चेंडू गोलखांबाला लागून परत आला. अठ्ठ्याण्णव साली प्रशिक्षकानं रविवारी भर चर्चमध्ये उभं राहून सांगितलं, "मी मेरोल सोडून कुठंही जाणार नाही." मंगळवारी तो टीव्हीवर दिसला, तो दुसऱ्याच विद्यापीठाची टोपी घालून. हॉइट अडतीस वर्षं हंगामाचं तिकीट काढत होते, आणि ही सगळी दुःखं त्यांना घरच्या माणसांच्या पुण्यतिथ्यांसारखी तारखेनिशी पाठ होती.

"पुढच्या शनिवारी येतेस का?" त्यांनी मक्याची भाकरी ताकात कुस्करत विचारलं. "एमेटच्या बायकोची जागा रिकामीच असते."

डेलिया ओहायोतल्या एका कॉलेजात साहित्य शिकवायची. वडलांच्या मोतीबिंदूसाठी रजा काढून आली होती, आणि येताना निबंधांचा गठ्ठा घेऊन आली होती. "मला निबंध तपासायचेत, डॅडी. तुमच्या बगळ्यांना माझ्याशिवाय जिंकू द्या."

"बरं. आपलं विचारलं." त्यांनी दोन चमचे खाल्ले. "एक सांगतो. यंदा जर का..." तिथंच ते थांबले. अशी वाक्यं मेरोलमध्ये कुणी पुरी करत नाही. पेला विसळून त्यांनी पालथा घातला, दिव्याचं बटण दाबलं आणि झोपायला गेले.

रविवारी सकाळी ते चर्चला जायला उठले नाहीत. उठलेच नाहीत.

सोमवारी सकाळी अंत्यविधीची व्यवस्था पाहणारे मिस्टर गँट काळ्या वहीसह बैठकीत बसले होते. शेजारी एमेट स्ट्रिकलंड. एमेट हे जनावरांचे निवृत्त डॉक्टर, आणि स्टेडियममध्ये हॉइटच्या डाव्या हाताला अडतीस वर्षं बसलेला माणूस.

"कधी ठेवायचं?" मिस्टर गँटनी विचारलं.

"कधीही," डेलिया म्हणाली. "पण त्यांची सगळी माणसं तिथं असायला हवीत. मी एकुलती एक आहे. त्या खड्ड्यापाशी मला एकटीनं उभं राहायचं नाही. एवढंच."

"मग शनिवार!" एमेट म्हणाले. "शनिवारी सामना आहे, सगळे गावात येणारच. मागच्या रांगेतल्या मिस व्हर्नेल मोबील शहराहून येतील. सामना एकला. दहाला चर्च, अकराला माती, बाराला तळलेली कोंबडी, एकला सामना."

मिस्टर गँटनी यातल्या पहिल्या दोन गोष्टी वहीत लिहून घेतल्या.

"सामना एकलाच असेल ना नक्की?" डेलियानं विचारलं.

"पोरी, सामन्याची वेळ टीव्हीवाले बदलतात ती चांगल्या संघांची. आमचा सामना अडतीस वर्षं एकलाच आहे. आम्हाला बघतो कोण?"

त्याच दिवशी दुपारी साडेबाराला एमेट धापा टाकत परत आले. "डेलिया! टीव्हीवर दाखवणार आपल्याला! सगळ्या देशात!" त्यांनी तिचे दोन्ही हात धरून हलवले. मग त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू खाली उतरलं. "सकाळी अकराला."

"अकराला तर माती आहे."

"हो ना."

"मग शुक्रवारी करू."

"शुक्रवारी शाळेचा सामना, दिवसभर गाव तिकडंच. सहा खांदेकऱ्यांपैकी चौघांचे नातू खेळतात. आणि ब्रदर लॅमार तिथं माइकवर असतात."

ब्रदर लॅमार म्हणजे चर्चचे पाद्री. डेलियानं मिस्टर गँटना फोन लावला. "रविवारी?"

"रविवारी आमच्याकडे कुणी कबर खणत नाही," मिस्टर गँट फोनवरून म्हणाले.

शेवटी शनिवारीच, पण सामना संपल्यावर, साडेतीनला असं ठरलं. डेलियानं फोन खाली ठेवला. मग म्हणाली, "म्हणजे माझ्या वडलांना कधी पुरायचं, ते टीव्हीवाले ठरवणार."

"ते ऐकायला बरं वाटत नाही," एमेट म्हणाले. "पण हो."

मिस व्हर्नेलनी मोबीलहून फोन केला. त्या ब्याऐंशी वर्षांच्या. हॉइटच्या मागच्या रांगेत बसायच्या आणि पंचांचा निर्णय पटला नाही की छत्री आपटायच्या. "अगं, मनाला लावून घेऊ नकोस. हॉइट असता तर त्यानंच हे सुचवलं असतं."

"मिस व्हर्नेल, ते असते तर हा प्रश्नच आला नसता."

"तेही खरंच," मिस व्हर्नेल म्हणाल्या.

बुधवारी समुद्रकिनाऱ्यावर वादळ येणार असल्याची बातमी आली. तिकडचा एक मोठा सामना रद्द झाला, टीव्हीवाल्यांची दुपार मोकळी पडली आणि त्यांनी बगळ्यांना अडीचवर ढकललं. मिस्टर गँटनी वहीत खाडाखोड करून पुन्हा दहा लिहिले. गावच्या वर्तमानपत्रात हॉइट टिडवेल यांचं निधन एका आठवड्यात तीनदा छापून आलं. टेक्ससमधल्या एका चुलतभावानं तीनदा फुलं पाठवली, आणि तिसऱ्या खेपेच्या चिठ्ठीत, टिडवेलांवर हा काय प्रसंग ओढवलाय, असं काळजीनं विचारलं.

शनिवारी दहाला चर्च भरलं. सगळी माणसं काळ्या कोटाखाली बगळ्यांचे किरमिजी सदरे घालून आली होती. डेलियानं ब्रदर लॅमारना आधीच हात जोडून सांगितलं होतं, "पंधरा मिनिटं पुरे." ते "हो" म्हणाले होते. पण तीस वर्षांच्या सेवेत त्यांना इतकी गच्च भरलेली, त्यातून दारं लावलेली सभा कधी मिळाली नव्हती. ते एक तास वीस मिनिटं बोलले. त्यात हॉइटबद्दल सात मिनिटं, बाकी पापाबद्दल. मिस व्हर्नेलनी छत्री दोनदा फरशीवर आपटली, तेव्हा कुठं त्यांनी आमेन म्हटलं.

पेटी शववाहिनीत ठेवून निघायला बारा वाजले. पुढच्या सीटवर मिस्टर गँट, मधे डेलिया आणि खिडकीशी एमेट. मागं दिवे लावून तेवीस गाड्या. दफनभूमी स्टेडियमच्या पलीकडं. एरवी सात मिनिटांचा रस्ता.

एक गोष्ट मात्र कुणाच्याच लक्षात आली नव्हती. बगळ्यांच्या सामन्याला गर्दी झाली तर काय होतं, हे मेरोलमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं. ती कधी झालीच नव्हती. आज सगळे रस्ते एका दिशेचे केले होते, आणि ती दिशा स्टेडियमची होती. चौकाचौकांत बाहेरगावचे पोलीस आणून उभे केले होते. त्यातल्या एका जाड्या हवालदारानं शिट्टी फुंकून शववाहिनीला डावीकडं वळायची खूण केली.

मिस्टर गँटनी काच खाली केली. "साहेब, आम्हाला सरळ जायचंय. दफनभूमीत."

"आज सरळ कुणी जात नाही. डावीकडं!"

"मागं पेटी आहे, साहेब."

"सगळ्यांच्याच मागं पेट्या आहेत. कुणाची बर्फाची, कुणाची बियरची. पास आहे का?"

हॉइटचा गाडीतळाचा पास एमेटच्या खिशात होता. दफनाच्या वेळी पेटीवर ठेवायला म्हणून त्यांनी तो आणला होता. पण अडतीस वर्षांची सवय. कुणी "पास" म्हटलं की त्यांचा हात आपोआप पुढं व्हायचा. तो डेलियाच्या नाकासमोरून गेला आणि खिडकीबाहेर पोचला.

हवालदारानं पास बघितला. "हा काय आहे की! मग आधी सांगायचं. तिसरं मैदान, दुसरी रांग. चला, चला!"

"मिस्टर एमेट!" डेलिया ओरडली.

"मला कळलंच नाही गं," एमेट स्वतःच्या हाताकडं बघत म्हणाले.

शववाहिनी तिसऱ्या मैदानात शिरली. अंत्ययात्रेत पुढच्या गाडीची पाठ सोडायची नसते, म्हणून तेवीस गाड्या दिवे लावून तिच्यामागं शिरल्या. त्यांच्यामागं आणखी तीनशे गाड्या आल्या आणि मैदान बूच मारल्यासारखं बंद झालं.

चारी बाजूंना सामन्याआधीच्या मेजवान्या: तंबू, शेगड्या, धूर, गाणी. लांब काळी गाडी दुसऱ्या रांगेत येऊन थांबली तशी आधी जवळची गाणी बंद झाली, मग लांबची. माणसांनी टोप्या काढल्या. मांस भाजत असलेल्या एका दांडग्या माणसानं चिमटा छातीशी धरला. त्याची बायको भाजलेल्या बरगड्यांची ताटली घेऊन आली.

"कोण गेलं, बाई?"

"माझे वडील. हॉइट टिडवेल."

"हॉइट? शेवटच्या सत्रात मैदानाकडं पाठ करून उभे राहायचे ते?"

डेलियानं एमेटकडं पाहिलं.

"त्याला बघवायचं नाही," एमेट म्हणाले. "माझं तोंड बघून तो गुण ओळखायचा. अडतीस वर्षं मला शेवटच्या सत्रात नाकसुद्धा खाजवता आलं नाही. लगेच विचारायचा, काय झालं?"

मिस्टर गँट हवालदाराशी बोलून परत आले. त्यांचा चेहरा पडला होता. "मागच्या गाड्या हलल्याशिवाय बाहेर पडता येणार नाही. म्हणजे सामना संपेपर्यंत. साडेसहा तरी होतील. खणणाऱ्यांना मी फोन केला. ते साडेपाचपर्यंत थांबतील, नंतर एकदम सोमवारी." त्यांनी रुमालानं कपाळ पुसलं. "बाई, चाळीस वर्षांत माझ्याकडून एकालाही पोचवायचं राहिलं नाही."

सोमवारी एमेटची शहरातल्या इस्पितळात छातीची तपासणी होती. मिस व्हर्नेल आज रात्रीच मोबीलला परतणार होत्या. ब्रदर लॅमारची परिषद होती. सोमवारी त्या खड्ड्यापाशी मिस्टर गँट असतील, त्यांची वही असेल आणि डेलिया असेल.

ती त्या सगळ्यांकडं वळली. मग म्हणाली, "तुमच्याकडे तिकिटं आहेत. तुम्ही सगळे आत जा. अडतीस वर्षं या दिवसाची वाट बघितलीत."

कुणी हललं नाही.

"तो बाहेर आणि आम्ही आत?" एमेट म्हणाले. "हे कसं दिसतं?"

"रेडिओ तरी लावा," मिस व्हर्नेल म्हणाल्या. त्यांना कुणीतरी घडीची खुर्ची दिली होती.

"शववाहिनीतल्या रेडिओवर फक्त भजनं ऐकतो आम्ही," मिस्टर गँट गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी किल्ली फिरवली. "...तर बगळ्यांच्या बचावफळीची आजची खरी कसोटी..." रेडिओ ओरडला. मिस्टर गँट कानापर्यंत लाल झाले. एमेटनी आवाज तेवढा वाढवला.

बगळे त्या दिवशी असे खेळले, की त्र्याऐंशी सालच्या नवरदेवालाही रडू आलं असतं. मध्यंतराला एकवीस विरुद्ध तीन. तंबूतंबूंत माणसं एकमेकांना मिठ्या मारत होती. फक्त शववाहिनीभोवती शांतता होती. एमेट घड्याळ बघत होते.

"जिंकले," ते हळूच म्हणाले, "तर इथून आठच्या आत एकही गाडी हलणार नाही."

"आणि हरले तर?" मिस व्हर्नेलनी विचारलं.

"हरायला लागले तर पाचपर्यंत मैदान मोकळं. आपल्या लोकांना सवय आहे. शेवट बघायला कुणी थांबत नाही."

सगळ्यांनी आपापल्या बुटांकडं पाहिलं. अडतीस वर्षांत पहिल्यांदाच बगळे जिंकावेत की हरावेत, हे त्यातल्या कुणाला सांगता येत नव्हतं.

"ब्रदर लॅमार, तुम्ही प्रार्थना करा," मिस व्हर्नेल म्हणाल्या.

ब्रदर लॅमारनी डोळे मिटले, हात वर केले, तोंड उघडलं. ते तसंच राहिलं. "कशासाठी करू?" त्यांनी एक डोळा उघडून विचारलं.

"डॅडी काय म्हणाले असते?" डेलियानं एमेटना विचारलं.

"तो? तो म्हणाला असता, सोमवारपर्यंत मी कुठं पळून जात नाही. खेळू द्या त्यांना."

तिसरं सत्र सुरू झालं आणि बगळ्यांना आपण कोण आहोत ते आठवलं. पहिल्याच चालीत चेंडू हातातून निसटला. दुसऱ्यांदा तो त्यांनी समोरच्याच्या हातात अलगद नेऊन दिला. एकवीस-दहा. एकवीस-सतरा. तिसऱ्यांदा दोन बगळे एकमेकांवर आपटले आणि चेंडू मधून घरंगळत गेला. एकवीस-चोवीस. आता डेलियाला बरं वाटायला हवं होतं. घड्याळात पावणेपाच झाले होते आणि सगळं तिला हवं तसं चाललं होतं.

"अरे, त्या पंचवीस नंबरला धरा ना कुणीतरी!" शववाहिनीच्या पत्र्यावर धाडकन मूठ बसली. "दर वेळी डावीकडूनच पळतोय तो! गाढवांनो!"

सगळे वळले. मूठ डेलियाची होती. तिलाही ते थोडं उशिरा कळलं.

मिस व्हर्नेलनी आपली छत्री तिच्या हातात दिली.

छत्रीचाही उपयोग झाला नाही. एकवीस-एकतीस, मग एकवीस-अडतीस. पाचला पाच कमी असताना स्टेडियमच्या दारांतून माणसं बाहेर पडायला लागली. चिमटेवाला दांडगा तंबूचे खुंटे उपटत स्वतःशीच म्हणाला, "मी अकरा वर्षांचा होतो तेव्हापासून हेच. दर वर्षी म्हणतो, या घरात बगळ्यांचं नाव काढायचं नाही. आणि आता या वयात पोरांना काय सांगू?" मग त्याला दुसऱ्या रांगेतली गाडी दिसली. तो रस्त्यात जाऊन उभा राहिला आणि चिमटा उगारून त्यानं दोन्हीकडच्या गाड्या अडवल्या. "थांबा! आधी हॉइटला जाऊ द्या!"

शववाहिनी हलली. मागं दिवे लावून तेवीस गाड्या. दारात तोच जाडा हवालदार होता. या वेळी त्यानं शिट्टी वाजवली नाही, टोपी काढली.

"अडतीस वर्षांत," एमेट खिडकीबाहेर बघत म्हणाले, "पहिल्यांदाच त्यांनी हॉइटसाठी काहीतरी वेळेवर केलं."

दफनभूमीच्या फाटकाशी पोचेपर्यंत रेडिओवर सामना संपला. आत खणणारे दोघं भाऊ फावड्यांवर रेलून उभे होते. त्यातल्या थोरल्यानं घड्याळ बघितलं. पाच वीस. "हरले ना?"

"हरले," मिस्टर गँट म्हणाले.

"तरीच आलात."

सहा खांदेकऱ्यांनी पेटी उचलली. सहाही जणांचे डोळे ओले होते. ते कशानं, हे कुणी कुणाला विचारलं नाही. ब्रदर लॅमार फक्त दोन मिनिटं बोलले, आणि ती दोन मिनिटं सकाळच्या एक तास वीस मिनिटांपेक्षा चांगली होती. मग ते बाजूला सरकले. "डेलिया, तुला काही म्हणायचंय?"

तिच्या पर्समध्ये आठवडाभर लिहून काढलेलं, चार थोर माणसांची वचनं असलेलं एक पान होतं. तिनं पर्स उघडली नाही. भोवती सगळे होते. एमेट, मिस व्हर्नेल, किरमिजी सदऱ्यातली सगळी माणसं, आणि कसा कोण जाणे, चिमटेवाला दांडगाही. ती एक पाऊल पुढं गेली.

"डॅडी," ती म्हणाली. मागच्यांना ऐकू गेलं नाही, म्हणून तिनं पुन्हा मोठ्यानं म्हटलं, "डॅडी, मी तेरा-चौदा वर्षांची असताना सामन्याला यायचं सोडलं. तुम्ही सगळ्यांना सांगितलंत, पोरीला कंटाळा येतो. मला कंटाळा येत नव्हता. हरल्यावर घरी येताना तुम्ही गाडीत शीळ घालायचात, मला वाईट वाटू नये म्हणून. ती मला ऐकवायची नाही. म्हणून मी येत नव्हते. तुम्हाला हे कधी सांगितलं नाही." तिनं श्वास घेतला. "आज आले होते, डॅडी. शेवटपर्यंत थांबले. आपण हरलो."